ताराबाईचं पिल्लू

हॅमिल्टन
शनिवार, १४ जानेवारी २०१७

डिअर बेंजामिन काका,

नमस्कार. मी श्रावणी. आपण एकदाच भेटलोय, लॉकर रूममध्ये. तुम्ही बूट घालत होतात आणि मी काढत होते. तुम्ही विचारलंत, मराठी का? मी इतकी एक्साइट झाले की 'हो' म्हणायच्या ऐवजी 'यस' म्हटलं. सॉरी.

राजन सरांनी मला एक काम दिलंय. कोआला हाऊसचं मॅन्युअल चाळीस पानांचं आहे आणि सगळं इंग्लिशमध्ये. सर म्हणाले, बेंजामिन ते तीन आठवडे डब्यासारखं घरी नेतो आणि तसंच परत आणतो. सरांना स्वतःला मराठी येत नाही, म्हणून एकेक पॉइंट मी तुम्हाला मराठीत समजवायचा, आणि समजावून झाला की ट्रेनिंग शीटवर टिक करून खाली माझी सही करायची.

प्रॉब्लेम म्हणजे आपल्या शिफ्ट कधीच मॅच होत नाहीत. तुम्ही रविवार ते गुरुवार, दुपारी तीन ते आठ. मी मंगळवार-गुरुवार सकाळी, आणि तुमचा ज्यू लोकांचा शब्बाथ, म्हणजे सुट्टी, असतो म्हणून शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवार. आत फोन अलाउड नाही, आणि तुमच्या फोनवर मराठी नुसते चौकोन दिसतात म्हणे. सो मी लिहीन. पानांच्या फ्रिजखाली स्टीलचा ड्रॉवर आहे, त्यात ठेवीन. तुम्हीही तिथेच उत्तर ठेवा. माझ्या मराठीला हसू नका. मी नाशिकला कॉन्व्हेंटमध्ये होते, मराठी फक्त पास होण्यापुरतं.

मला कोआला तिसरीत असल्यापासून आवडतात. आता ॲनिमल केअरचा डिप्लोमा करते आणि इथे पार्कमध्ये माझी प्लेसमेंट आहे. सगळे विचारतात, कोआला ऑस्ट्रेलियात, मग तू कॅनडात काय करतेस? व्हिसा इथला मिळाला, अजून काय.

तर पॉइंट वन. तारा आई झाली आहे, तुम्हाला माहीत असेलच. सप्टेंबरमध्ये अमेरिकेतून मेल कोआला आणला होता. तो रात्रंदिवस ओरडायचा, स्टार्ट न होणाऱ्या मोटरसायकलसारखा. मग साधारण पस्तीस दिवसांनी पिल्लू झालं. जन्मताना ते फक्त दोन सेंटिमीटरचं असतं, काका. राजम्याच्या दाण्याएवढं. वजन अर्धा ग्रॅम. डोळे मिटलेले, अंगावर एक केस नाही. आणि ते स्वतःच्या स्वतः आईच्या केसांना धरून चढत चढत पोटावरच्या पिशवीत जातं. आई मदत करत नाही. आत गेलं की दुधाला तोंड लावतं आणि सहा महिने बाहेर येत नाही.

पिशवीचं तोंड कांगारूसारखं वर नसतं, खालच्या बाजूला असतं. पण पिल्लू पडत नाही. आई ते आवळून धरू शकते.

पॉइंट वन टिक करू ना?

श्रावणी

—

हॅमिल्टन
रविवार, १५ जानेवारी

चि. श्रावणी,

शालोम. पत्र मिळालं. राजनला सांग, मॅन्युअल मी वाचतो. पाचव्या पानापर्यंत आलोय. तिथे चित्र आहे म्हणून थांबलोय.

तुझं मराठी चांगलं आहे. माझा मुलगा युवल तर मला इंग्लिशमध्ये उत्तर देतो आणि मी ते मराठीत ऐकतो. असं आमचं चाललंय.

मी बेंजामिन पेणकर. नावाचा पेणकर, पेण फक्त बसमधून बघितलंय. आमचं घर अलिबागकडे, नोकरी मुंबईत बसच्या वर्कशॉपमध्ये, तीस वर्षं. क्वीनी, माझी बायको, इथे आल्यावर देवाघरी गेली, दोन वर्षं झाली. युवल म्हणतो रिचमंड हिलला आमच्याकडे ये. मी म्हणतो, हातपाय चालतात तोवर मला माझा बेसमेंट आणि माझी नोकरी बरी. उद्या नोकरी गेली तर जावंच लागेल, तो मग ऐकायचा नाही.

अर्ध्या ग्रॅमचं बाळ एकटं चढतं हे वाचून मी पिंजऱ्याजवळ जाऊन उभा राहिलो. एवढ्या मोठ्या आईला नुसतं तारा म्हणवत नाही. मी ताराबाई म्हणतो. तिला चालतं. डोळा उघडते आणि परत मिटते.

एक सांगतो. मी लागलो तेव्हा इथे एक म्हातारा नर होता. त्याला जुलाब झाले. मी चार्टवर तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरच्या बिल्डिंगीत नेलं आणि तो परत आला नाही. ताराबाईला मी तशी जाऊ द्यायचा नाही.

टिक कर.

बेंजामिन काका

—

शनिवार, १८ फेब्रुवारी

डिअर काका,

ताराबाई हे नाव आता सगळ्यांनी उचललंय. राजन सर 'टाराबाय' म्हणतात.

तुम्ही विचारलं होतं, ही इतकी झोपते ते आजारी आहे म्हणून का. नाही. दिवसात अठरा-वीस तास झोपणं नॉर्मल आहे. निलगिरीच्या पानात ताकद जवळजवळ नसतेच, वर ती विषारी, दुसऱ्या कुठल्या प्राण्याने खाल्ली तर आजारी पडेल. ते विष पचवण्यातच तिची सगळी एनर्जी जाते. आळशी नाहीये ती, बिझी आहे. आतून.

म्हणूनच आपली पानं फ्लोरिडाहून विमानाने येतात आणि तुम्ही एकेक फांदी बघून लावता. सर म्हणाले, बेंजामिनने लावलेल्या फांद्या ती सगळ्यात जास्त खाते. मागच्या आठवड्यात स्नोमुळे पानांचा ट्रक आणि बस दोन्ही अडकले, तेव्हा तुम्ही चालत आलात हेही त्यांनी सांगितलं. मायनस अठरामध्ये. काका, प्लीज असं करू नका.

अजून एक. तिच्या हाताला दोन अंगठे असतात आणि बोटांवर आपल्यासारखे ठसे. मी वजनाच्या वेळी तिचा हात बघितला. तुम्ही पर्चची दांडी धरता तेव्हा ती तुमच्या बाहीला धरते ना? मला ती तशी धरत नाही. मला थोडं जेलस वाटतं.

पिशवी हलताना दिसते का संध्याकाळी? दिसली तर लिहा. मार्चच्या शेवटी डोकं बाहेर येईल.

पॉइंट दोन ते आठ टिक केले.

श्रावणी

—

रविवार, १९ मार्च

चि. श्रावणी,

आज पाच वाजून दहा मिनिटांनी बाळाने डोकं काढलं.

मी पाणी बदलत होतो. ताराबाई फांदीवर बसली होती, आणि तिच्या पोटातून एक ओला गुलाबी चेहरा माझ्याकडे बघत होता. कान नुसते चिकटलेले. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग ते आत गेलं. मी बालदी तशीच धरून उभा होतो, पाणी बुटात गेलं.

आमच्यात असं काही चांगलं झालं की मलिदा करतात. पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. आमच्या प्रेषिताचं, एलियाहू हानाबीचं नाव घेऊन. खरं तर त्याच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, मी एकटा. तरी घरी गेलो की करणार. उद्या तुझा मंगळवारचा डबा फ्रिजमध्ये ठेवतो, पानांच्या मागे. पानं समजून ताराबाईला घालू नकोस.

क्वीनी असती तर म्हणाली असती, जनावराचा मलिदा करतोस, लोक हसतील. आणि पोहे तिनेच भिजवले असते.

बेंजामिन काका

—

मंगळवार, २१ मार्च

डिअर काका,

मलिदा संपला. मी एकटीने संपवला, राजन सरांना फक्त केळ्याचा तुकडा दिला.

चार्टवर तुमच्या अक्षरात 'डोकं ५.१०' बघून मी रडले. खरंच.

आता पॉइंट नऊ. डोकं बाहेर आलं की पुढचे काही आठवडे पिल्लू आईकडून एक स्पेशल खाणं खातं. दुधासारखंच समजा. पुढे पानं पचवायला ते लागतं. बहुतेक संध्याकाळीच होतं, ती जागी असते तेव्हा, म्हणजे तुमच्या शिफ्टमध्ये. दिसलं तर चार्टवर P लिहायचं. बाकी डिटेल जरा वेगळे आहेत, भेटलो की सांगते.

पॉइंट नऊ टिक केला.

श्रावणी

—

गुरुवार, ३० मार्च

चि. श्रावणी,

बाळ रोज डोकं काढतं. कान आता उभे राहिलेत. दूध आतच पिणार, ते मला बाहेरून कसं दिसायचं? म्हणून P लिहिला नाही.

बाकी सगळं ठीक. मी जागा स्वच्छ ठेवतोय. आमचा पेसाखचा सण जवळ आलाय. गावाला त्याच्या आधी घराला चुना आणि भांड्यांना कल्हई व्हायची, सुईच्या टोकाएवढी घाण राहिली तर आई जेवायला बसू द्यायची नाही. बेसमेंट घासून झाला. आता हात इथे चालतात.

परीक्षेचा अभ्यास कर. इथली काळजी नको.

बेंजामिन काका

—

शनिवार, १ एप्रिल

डिअर काका,

काल शुक्रवारी मी ते बघितलं. पॉइंट नऊ. पिल्लू अर्धं बाहेर आलं आणि खात होतं, पाच-सहा मिनिटं. चार्टवर पहिला P मीच लिहिला. राजन सर म्हणाले, गुड, सुरू झालं म्हणजे आता ती तिचं बघून घेईल.

तुम्हाला नीट सांगायचं होतं, मी दोनदा लिहायला बसले आणि दोनदा कागद फाडला. जाऊ दे, भेटल्यावर.

माझ्या फायनल्स आहेत. पुढचे तीन आठवडे मी येणार नाही. शुक्रवार-शनिवार सर स्वतः करतील. ताराबाईला सांगा, मी तिच्याच सिस्टिमवर पेपर लिहिणार आहे, डायजेस्टिव्ह.

श्रावणी

—

रविवार, ९ एप्रिल

चि. श्रावणी,

तू नाहीस, तरी पत्र ठेवतो. सवय झाली.

बाळाचं अर्धं अंग बाहेर येतं आता. संध्याकाळी मी गेलो की ताराबाई स्वतः खालच्या फांदीवर येते. मी तिच्याशी बोलतो. ती ऐकते असं मी धरून चाललोय.

सगळं स्वच्छ आहे. उद्यापासून दोन दिवस युवलकडे, सणाला. मग परत.

पेपर चांगले लिही.

बेंजामिन काका

—

गुरुवार, ११ मे

डिअर काका,

एक विचारायचंय. पिल्लाचं वजन तीन आठवड्यांत जवळजवळ वाढलेलं नाही. पाठीवर बसतं, पण पकड सैल वाटते. आज सकाळी मी बघत होते. त्याने पान तोंडात घेतलं, चावलं, आणि तसंच बाहेर सोडलं. परत दुसरं घेतलं, परत सोडलं.

मी मार्च-एप्रिलचा चार्ट बघितला. त्यात एकच P आहे, माझा. नंतर एकही नाही. सरांनी विचारलं, बेंजामिनला पॉइंट नऊ माहीत आहे ना? मी हो म्हटलं.

काका, एप्रिलमध्ये संध्याकाळी तुम्हाला काही वेगळं दिसलं होतं का? काहीही?

श्रावणी

—

रविवार, १४ मे

चि. श्रावणी,

वेगळं काही दिसलं नाही. सगळं स्वच्छ होतं.

पण बाळ बरं नाही हे मलाही दिसतंय. काल माझी सुट्टी असून मी बाहेरच्या काचेपाशी येऊन उभा राहिलो. ताराबाई खात होती आणि ते तिच्या पाठीवर मान टाकून पडलं होतं. त्याचं पोट फुगलंय आणि पाठीची हाडं लागतात. उपाशी असल्यासारखं. एवढं दूध पिऊन उपाशी कसं?

काय आहे ते मला नीट सांग. डॉक्टर काय म्हणतो? मी काही करायचं असेल तर सांग. मी शुक्रवारी, शनिवारी, कधीही येतो. शब्बाथचं मी देवाशी बघून घेईन.

बेंजामिन काका

—

शनिवार, ३ जून

काका,

काल दुपारी गेलं.

डॉक्टरांनी आईचं घेऊन त्याला ट्यूबने देऊन बघितलं होतं, दहा दिवस. उशीर झाला म्हणाले. ते बाहेर इन्क्युबेटरमध्ये होतं. ताराबाई खाली जमिनीवर उतरून दरवाजापाशी बसली होती. ती कधी जमिनीवर येत नाही. मी तिला उचलून फांदीवर ठेवलं, ती परत उतरली.

उद्या तुम्ही याल तेव्हा तुम्हाला हे चार्टवरून कळू नये म्हणून लिहिते. सोमवारी सर सगळ्यांशी बोलणार आहेत.

काका, मला तुमच्याशी बोलायचंय. आय मीन, खरंच भेटून.

श्रावणी

—

रिचमंड हिल
गुरुवार, १५ जून

चि. श्रावणी,

हे पत्र पोस्टाने पाठवतोय. राजनकडून तुझा पत्ता घेतला. त्या ड्रॉवरपर्यंत आता माझा हात पोचत नाही.

तू भेटायचं म्हणालीस, पण सोमवारीच सगळं झालं. राजनने विचारलं, एप्रिलमध्ये संध्याकाळी कोणी ताराबाईला हात लावत होतं का? मी म्हटलं, मी.

तुला खोटं सांगितलं ते आता खरं लिहितो. मार्चच्या शेवटी एका संध्याकाळी बघितलं तर ताराबाईचं मागचं अंग भरलेलं होतं. पातळ, हिरवट. पिशवीच्या तोंडालाही लागलेलं, आणि बाळाच्या नाकातोंडाला. मला वाटलं पोट बिघडलं. चार्टवर लिहिलं तर त्या म्हाताऱ्या नरासारखं हिला नेतील आणि बाळ मागे राहील. म्हणून मी लिहिलं नाही. कोमट पाण्यात फडकं बुडवून तिला पुसून घेतलं, बाळाचं तोंडही पुसलं. दुसऱ्या दिवशी परत तसंच. मग मी आल्या आल्या तेच काम आधी करू लागलो. ती खालच्या फांदीवर यायची, मी पुसायचो. तीन आठवडे. नंतर ते थांबलं. मला वाटलं, माझ्या हाताने बरी झाली.

क्वीनीचे शेवटचे आठ महिने मी हेच करत होतो. तिला उठता येत नव्हतं. पुसणं, बदलणं, पावडर लावणं. नर्स म्हणायची, तुम्ही राहू द्या. मी म्हणायचो, माझ्या हाताची तिला सवय आहे. ते संपल्यावर हातांना काही काम नव्हतं. ताराबाईने दिलं, असं मला वाटलं होतं.

मग राजनने त्याच्या फोनवर मला एक व्हिडिओ दाखवला. बाळ काय खातं त्याचा. मी बघितला. परत एकदा लावायला सांगितला.

तो म्हणाला, पॉइंट नऊ श्रावणीने तुला सांगितला नव्हता? शीटवर तिची टिक आहे. मी म्हटलं, सांगितला होता, नीट सांगितला होता, माझं वय झालंय, मी विसरलो. त्याच दिवशी नोकरी गेली.

आता हे असंच राहू दे. तुझं पुढे सगळं आयुष्य आहे, डिप्लोमा, इथे कायम राहायचा पीआर, सगळं. माझं काय, बेसमेंट सोडायचाच होता. युवल गाडी घेऊन आला आणि एका फेरीत सगळं सामान मावलं. राजनला काही सांगू नकोस. ही माझी आज्ञा समज.

बेंजामिन काका

—

हॅमिल्टन
शनिवार, २४ जून

डिअर काका,

तुमची आज्ञा मोडली. पत्र लिहायच्या आधी मोडली, कारण आधी लिहिलं असतं तर तुम्ही थांबवलं असतं आणि मी आनंदाने थांबले असते. तेच वाईट आहे.

बुधवारी मी आपली सगळी पत्रं घेऊन राजन सरांकडे गेले. एकवीस मार्चचं त्यांना इंग्लिशमध्ये वाचून दाखवलं. 'दुधासारखंच समजा.' सर ओरडले नाहीत. त्यांनी ट्रेनिंग शीट काढली, नऊ नंबरच्या टिकवर पेनचं टोक ठेवलं आणि विचारलं, "व्हाय?"

काका, उत्तर होतं, पण इंग्लिशमध्ये ते इतकं स्टुपिड वाटलं. मी म्हटलं, ही इज लाइक अ ग्रँडफादर. सर म्हणाले, सो?

घरी आम्ही आजोबांसमोर असलं काही बोलायचो नाही. साधं पोट बिघडलं तरी आई खुणेने विचारायची. मला वाटलं, तुम्ही देवाचं नाव घेऊन मलिदा करणारे, दहा पुरुष लागतात म्हणणारे, तुम्हाला मी हे कसं लिहू. तुम्ही मला काय म्हणाल. आणि मी स्वतःला सायन्सवाली समजत होते. कॉलेजमध्ये ह्याच टॉपिकवर मला ए मिळालाय, काका. इंग्लिशमध्ये मी ते तीस मुलांसमोर न लाजता सांगितलं.

अकरा मेला तुम्हाला विचारलं तेव्हाही मला माहीत होतं. तेव्हा तरी लिहायचं. मी तुम्हालाच उलट प्रश्न विचारला, म्हणजे चूक तुमच्याकडून निघावी.

एकवीस मार्चला जे लिहायला हवं होतं ते आज लिहिते. त्याचा आता काही उपयोग नाही, तरी.

पॉइंट नऊ. पिल्लू डोकं बाहेर काढतं तेव्हा आई त्याच्यासाठी वेगळी शी करते, तिला पॅप म्हणतात, चार्टवरचा P तोच. नेहमीच्या कडक गोळ्या नाहीत, मऊ, पातळ, हिरवट. पिल्लू पिशवीतून वाकून ती खातं. त्यात आईच्या पोटातले जंतू असतात, पानांचं विष पचवणारे. पिल्लाच्या पोटात ते जन्मतः नसतात, आईकडून असेच घ्यावे लागतात. हे काही आठवडे चालतं. तेव्हा आई मागून घाण दिसेल, पिशवीचं तोंड घाण दिसेल, पिल्लाचं तोंड घाण दिसेल. घाण दिसली म्हणजे सगळं नीट चाललंय. पुसायचं नाही.

एवढंच होतं. दहा ओळी.

डॉक्टर म्हणाले, फक्त पुसल्यामुळेच गेलं असं कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. थोडं त्याच्या पोटात गेलंही असेल. हे मी मला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. ते म्हणाले म्हणून लिहिते.

माझी प्लेसमेंट बंद झाली. कॉलेज म्हणतं, सप्टेंबरपासून दुसरीकडे परत पहिल्यापासून करायची. बरोबर आहे. राजन सर तुम्हाला फोन करणार आहेत. तुमची जागा तुमचीच आहे असं ते म्हणाले. तुमचा बेसमेंट अजून रिकामा आहे, मी जाऊन घरमालकांना विचारून आले.

प्लीज परत या. मी तिथे नसेन, तुम्हाला माझं तोंड बघावं लागणार नाही.

श्रावणी

—

रिचमंड हिल
रविवार, १६ जुलै

चि. श्रावणी,

राजनचा फोन आला होता. चांगला माणूस आहे. मी नाही म्हटलं.

तुझं पत्र तीन आठवडे टेबलावर आहे. उत्तराला वेळ लागला, कारण मला राग आला होता, आणि तो नक्की कशाचा ते कळत नव्हतं. तू सांगितलं नाहीस ह्याचा राग नाही. लपवायचं म्हटलं तर मीही लपवलं, आणि माझं वय तुझ्या तिप्पट. तू राजनकडे गेलीस ह्याचाही नाही. मीच वेडा, तुला तसं करू नको म्हणालो.

राग ह्याचा आला की तुला वाटलं हा म्हातारा ऐकून घेणार नाही. अगं, मी आठ महिने बायकोची शी काढली. शेवटी शेवटी ती लाजायची थांबली होती आणि आम्ही त्यावर हसायचो. माझ्याइतका सरळ ऐकणारा तुला त्या सगळ्या पार्कात मिळाला नसता. पण तुला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. क्वीनी गेली एवढंच मी तुला लिहिलं होतं. कशी गेली, ते लिहिलं नव्हतं. मला वाटलं, पोरीला कशाला असलं सांगायचं.

म्हणजे बघ.

ताराबाई परत फांदीवर चढली का, ते मी राजनला विचारलं. चढली म्हणाला. खाते म्हणाला. पुढच्या वर्षी बघू म्हणाला. मी तिथे परत उभा राहिलो तर ती खालच्या फांदीवर येईल, माझा हात येणार म्हणून. ते मला बघवणार नाही. म्हणून नाही म्हटलं.

तू मात्र सोडू नकोस. दुसरीकडे जा, पहिल्यापासून कर. तिथे कोणाला समजवायची वेळ आली तर दहा ओळी लिहायच्या, नावानिशी. समोर कोणी का असेना, आजोबा असो की धर्मगुरू रब्बाय.

इथे युवलची मुलगी आहे, लियात. आठ महिन्यांची. तिला नुकतं वरचं सुरू केलंय, गाजर, भात, मऊ डाळ. सगळं गालाला, नाकाला, केसांना. सून स्वयंपाकघरातून ओरडते, बाबा, तिचं तोंड पुसा ना. मी फडकं ओलं करून आणतो आणि तिच्यासमोर बसतो. मग सुनेला विचारतो, पुसू ना?

ती हो म्हणते, तेव्हा पुसतो. रोज विचारतो. तिला वाटतं, मी मस्करी करतो.

बेंजामिन काका